घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार घडवताना: आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं (नाशिक)

नाशिकमध्ये गाडीवर जीव असलेल्या माणसांची वाण नाही. सातपूरला महिंद्रा आणि पूर्वीची मायको, म्हणजे आताची बॉश. अंबडला सुट्या भागांचे कारखाने. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला एखादा काका जवळपास प्रत्येक कॉलनीत सापडतो. शिवाय या शहराने राष्ट्रीय पातळीवरच्या रॅली पाहिल्या आहेत. त्यामुळे जुनी दोन सीटची गाडी आणून बंगल्याच्या पार्किंगमध्ये ती उभी करणारे हात इथे आहेत. अडतं ते कागदावर. पार्ट आधी येतो, बसतो, आणि परवानगीचा विचार पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावल्यावर सुचतो. हा क्रम उलटा करायला हवा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ हे या विषयाचं मूळ. निर्मात्याने दिलेले जे मूळ तपशील आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेले आहेत, त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. विनापरवानगी बदल करणाऱ्या मालकाला त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. कापलेलं छत, बदललेलं इंजिन आणि रुंद केलेले मडगार्ड हे तीन वेगळे बदल धरले जाऊ शकतात.

कशाला अर्ज लागतच नाही

देखभालीला कुणाची परवानगी लागत नाही. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, क्लच प्लेट, रेडिएटर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे मूळ मापाचे भाग घरी बदला, बिलं मात्र जपून ठेवा. त्याच रंगात पुन्हा रंगवणं, सीटचं कापड बदलणं, गंजलेला पत्रा कापून तसाच नवा जोडणं हेही देखभालीतच येतं.

भारतात बनलेली छोटी स्पोर्ट्‌स कार म्हटलं की जाणकारांना सॅन स्टॉर्म आठवते. गोव्याच्या कंपनीची, दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची, रेनॉच्या ११४९ सीसी पेट्रोल इंजिनाची. ती आता बनत नाही. फायबरग्लासला पडलेली चीर घरी रेझिन आणि मॅटने भरता येते, आणि तेवढ्यासाठी आरटीओकडे जायचं कारण नाही. पण बॉडीला गंज लागत नाही म्हणून खालच्या लोखंडाकडे दुर्लक्ष होतं, आणि नाशिकचा पावसाळा काही सौम्य नाही. चॅसिसचा गंज काढायला घ्याल तेव्हा एक गोष्ट विसरू नका: चॅसिस नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर, सँडपेपर किंवा पुट्टी अजिबात नको. आधी त्या जागेचा फोटो घ्या, कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढा, मग आजूबाजूचं काम करा. नंबर अस्पष्ट झालेली गाडी कुठल्याच तपासणीत पुढे सरकत नाही, आणि खऱ्या मालकालाही ती आपलीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे जमा करा.

कशाला परवानगी मिळू शकते

रंग. आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून लाल गाडी पिवळी करायची तर अर्ज हवा. पूर्ण गाडीला रॅप (चिकट रंगीत फिल्म) लावून दिसणारा रंग बदलणार असाल तरी आधी विचारून घ्या, असंच मी सांगेन. लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ तो फक्त संरक्षण दलांसाठी राखतो.

इंजिन. जुन्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांचं खरं दुखणं इथे आहे. मूळ इंजिन गेलं आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं मिळालं, तर ते बसवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. जास्त ताकदीचं, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवणं मात्र मूळ तपशिलापासून फारकत घेणं आहे. ते नीट बसलं, उत्तम चाललं तरी कागदावर बसत नाही. वापरलेलं इंजिन घेताना ते कुठल्या गाडीतून निघालं, त्या गाडीची आरसी रद्द झाली आहे का, ती चोरीची नाही ना, याचे पुरावे विक्रेत्याकडून आधी घ्या आणि मगच पैसे द्या. 'बिल नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊ नये.

इंधन. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची सोय कायद्यातच आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि ते अधिकृत केंद्रानेच बसवलेलं हवं. इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. किटची मंजुरी एआरएआय पुणे, आयकॅट मानेसर यांसारख्या चाचणी संस्थांकडून येते आणि ती विशिष्ट गाड्यांसाठी असते. तुमचं मॉडेल त्या मंजुरीत आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. घरी जुळवलेल्या मोटर-बॅटरीला, ती कितीही कौशल्याने बसवली असली तरी, हा रस्ता खुला नाही.

आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत असते. दिव्यांग चालकासाठी गाडी अनुकूल करून घ्यायची, म्हणजे हाताने चालणारा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर वगैरे बसवायचा, तर कलम ५२ त्याला अटींसह वाट करून देतं. ज्यांना याची गरज आहे त्यांनी संकोच न करता विचारावं.

काय अजिबात करू नये

बंद गाडीचं छत कापून ती ओपन-टॉप करणं, चॅसिस लांब-आखूड करणं, मडगार्ड रुंद करून बॉडीची मापं बदलणं यात अर्ज करून उपयोग नाही. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावला तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र होऊ शकतं. सुरावटीचे हॉर्न चालत नाहीत. काचेतून प्रकाश आरपार जाण्याचं प्रमाण पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के हवं. पुढचे लोखंडी बुल बार २०१७ च्या अखेरीपासून बंद आहेत. टायर-अलॉयच्या बाबतीत गाडीच्या मॅन्युअलमधलं माप आणि त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं माप, एवढ्याच मर्यादेत राहा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बदलायचा.

ज्यांना खरंच रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), कडक स्प्रिंग आणि उघडा एक्झॉस्ट हवा आहे, त्यांनी ती गाडी फक्त स्पर्धेसाठी ठेवावी, ट्रेलरवरून न्यावी आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पर्धांच्या नियामक संस्थेच्या मान्यतेच्या स्पर्धांत चालवावी. त्या संस्थेचं चालकाचं स्पर्धा लायसन्स वेगळं काढावं लागतं. गंगापूर रोड ही स्पर्धेची जागा नाही. तिथे पहाटे माणसं चालायला येतात.

अर्जाआधीची पात्रता

अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा. गाडी एमएच १५ म्हणजे नाशिकच्या नोंदणीत असावी. मालेगाव भागाचं कार्यालय वेगळं आहे, एमएच ४१. गाडी मुंबई-पुण्याहून घेतली असेल तर आधी फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी नावावर करा. गोव्यासारख्या दुसऱ्या राज्यातून आणली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग इथे नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७ आणि महाराष्ट्राचा कर, हे सगळं बदलाच्या अर्जाच्या आधी उरकावं लागतं. नुसता पत्ता बदलला असेल तर फॉर्म ३३.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागतेच. ई-चलनं थकलेली असतील तर ती भरून टाका. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. ती नसेल तर मालकी, पत्ता, कर्जाची नोंद, पुनर्नोंदणी आणि वाहनातील बदल ही कामं अडवण्याच्या सूचना राज्याच्या परिवहन विभागाने दिलेल्या आहेत. कारसाठी प्लेटचा ठरवून दिलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे.

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी चालू आहे का, हेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फॉर्म २५ वर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढते. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या कारला ते १०,००० झालं. आयात केलेल्या कारला ८०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. सॅन स्टॉर्मसारखी गाडी घेणाऱ्याने हा खर्च किमतीतच धरावा.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वाट निराळी आहे. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आणली: नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही; प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. अशी गाडी असलेल्याने तिला आधुनिक करण्याच्या भानगडीत पडूच नये. तिचं मोल तिच्या मूळपणात आहे.

कागदपत्रं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया

एका फायलीत हे लावा: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी लागतं), मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, कर भरल्याचा पुरावा, चॅसिस नंबरचा पेन्सिल-ठसा, कर्ज असल्यास बँकेचं संमतीपत्र. त्यावर बदलानुसार भर पडते. इंजिनासाठी खरेदीचं बिल आणि मूळ गाडीचे कागद, किटसाठी मंजुरीची प्रत आणि बसवणाऱ्या केंद्राचं प्रमाणपत्र, रंगासाठी रंगाचं नाव लिहिलेलं पत्र. ज्या गाडीची कंपनी आता ते मॉडेल बनवत नाही, तिच्या मालकाने मूळ मॅन्युअलमधलं तपशिलाचं पान जरूर जोडावं. निरीक्षकाने ते मॉडेल कधी पाहिलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि मूळ काय होतं हे दाखवणारा तोच एक कागद तुमच्याकडे असतो.

सुरुवात परिवहन सेवा पोर्टलवर करा. गाडीचा क्रमांक आणि चॅसिसचे शेवटचे पाच अंक घालून वाहनातील बदलाची सेवा निवडायची. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुन्या मालकाचा नंबर असेल तर तो आधी बदला. शुल्क तिथेच भरून पावती छापून घ्या. मग पेठ रोडवरच्या पंचवटीतल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात फाइल द्यायची.

परवानगी हातात आल्यावर काम करा. काम झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरसीसह कार्यालयाला कळवायचं, असं कायदा सांगतो. घरी सवडीने काम करणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. म्हणून सगळे पार्ट जमवून, जागेवर ताडून, मगच जुनं इंजिन उतरवा. तपासणीला गाडी स्वच्छ न्या, बॉनेट उघडल्यावर इंजिन नंबर हाताने पुसून वाचता आला पाहिजे. दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर सगळं चालू हवं. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात, नंबर ताडतात, आणि मग नोंद होते. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. गाडी तपासणीला न्यायला एखादा एजंट तयार असतोच, पण मालकाने स्वतः उभं राहावं असं मला कळकळीने वाटतं; गाडीत काय केलंय हे तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकत नाही.

नवी आरसी आली की एमपरिवहन अ‍ॅपवर इंजिन नंबरचा अंक न् अंक, रंग आणि इंधन ताडून पाहा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. मग तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत बदलाची लेखी नोंद करून घ्या. जादा हप्ता पडला तर भरा, कारण आरसी आणि पॉलिसीतला इंजिन नंबर वेगळा असेल तर अपघातानंतरचा क्लेम तिथेच अडकतो.