‘आउट ऑफ द अननोन’: 49 भागांपैकी उरलेले 20

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने नोव्हेंबर 2014मध्ये ‘आउट ऑफ द अननोन’ या जुन्या मालिकेचा डीव्हीडी संच काढला. त्यात सात डिस्क आहेत. 1965 ते 1971 या काळात बीबीसीने चार पर्वांत या विज्ञानकथा मालिकेचे 49 भाग दाखवले. सात डिस्कवर मिळून पूर्ण भाग भरतात 20. एका भागाचा मोठा तुकडा शिल्लक आहे. हरवलेले चार भाग जे काही हाती लागले त्यावरून पुन्हा उभे केलेले आहेत. बाकीचे भाग कोणी वगळले म्हणून नाहीत असे नव्हे, ते अजून कोणाला सापडलेलेच नाहीत.

माझ्या मावसभावाने लंडनहून हा संच आणला आणि गेल्या पावसाळ्यात मी तो क्रमाने पाहिला. (ब्रिटनच्या डीव्हीडी रीजन 2च्या आणि आपल्याकडच्या रीजन 5च्या, त्यामुळे सगळे रीजन चालवणारा प्लेअर लागतो. पाल (PAL) ही टीव्हीचित्राची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच.) पाहताना एक गोष्ट पक्की होत गेली. ही मालिका कळायची तर तिच्यातल्या कथांबरोबर तिच्या टेपांचे काय झाले, त्या पुसून पुन्हा कशा वापरल्या गेल्या, तेही ठाऊक हवे. जे उरले ते उत्तम होते म्हणून उरलेले नाही आणि जे गेले ते टाकाऊ होते म्हणून गेलेले नाही.

या मालिकेमागे आयरीन शुबिक नावाच्या बाई होत्या. त्यांचा जन्म 1929चा. त्यांचे एक भाऊ, मार्टिन शुबिक, गेम थिअरीतले नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ झाले. आयरीनबाई साठच्या दशकाच्या सुरुवातीला एबीसी या ब्रिटिश खाजगी कंपनीत सिडनी न्यूमन यांच्या हाताखाली कथासंपादक होत्या. विज्ञानकथा त्या आवडीने वाचत, आणि टीव्हीवर विज्ञानकथा म्हणजे मुलांसाठीचा राक्षस-रॉकेटांचा खेळ ही समजूत त्यांना मान्य नव्हती. 1962मध्ये एबीसीने ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ ही 13 भागांची मालिका केली. प्रत्येक आठवड्याला वेगळी कथा, वेगळे नट, आणि सूत्रधार म्हणून बोरिस कार्लोफ. तिचे कथासंपादन शुबिक यांचे होते. त्या 13 भागांतला आज पाहायला मिळतो तो एकच, आयझॅक आसिमोव्ह यांच्या कथेवरचा ‘लिटल लॉस्ट रोबॉट’.

पुढे न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि शुबिकही बीबीसीत आल्या. 20 एप्रिल 1964 रोजी बीबीसी 2 ही नवी वाहिनी सुरू झाली. तिचे प्रक्षेपण 625 रेषांचे, म्हणजे जुन्या टीव्ही संचावर दिसतच नसे. प्रेक्षक कमी, पण नवे काही करून पाहायला जागा मोठी. त्याच वर्षी या वाहिनीवर आसिमोव्ह यांच्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’चे नाट्यरूपांतर झाले, पीटर कशिंग यांना घेऊन. तिथेही कथासंपादक शुबिकच होत्या. त्याचे आज काही छोटे तुकडेच राहिले आहेत. असे प्रयोग गाठीशी बांधून 4 ऑक्टोबर 1965 रोजी जॉन विंडम यांच्या कथेवरच्या ‘नो प्लेस लाइक अर्थ’ने ‘आउट ऑफ द अननोन’ सुरू झाली. निर्मात्या आणि कथासंपादक, दोन्ही शुबिक.

मराठी वाचकाला हा प्रकार दिवाळी अंकाच्या जवळचा वाटेल. दर आठवड्याला नवा लेखक, नवे जग, नवी माणसे. आणि सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे संपादकाची नजर. ‘नवल’सारख्या अंकांत एकामागून एक अद्भुतकथा वाचलेल्यांना ही चव ओळखीची आहे. पण अंकाच्या संपादकाला पान भरायला शब्द पुरतात. शुबिक यांना प्रत्येक कथेसाठी नवे नेपथ्य, नवे कपडे, नवी यंत्रे लागत आणि आठवडा संपला की ते सारे मोडून टाकावे लागे. मंगळावरचे शहर उभारायला पैसे नाहीत म्हटल्यावर दोन माणसे एका खोलीत बसून एखादी कल्पना शेवटापर्यंत नेतात अशा कथांकडे वळणे ओघाने आले. ही अडचणच मालिकेचे बळ ठरली असे मला वाटते. पहिल्या पर्वातल्या विंडम, आसिमोव्ह, विल्यम टेन, रे ब्रॅडबरी, केट विल्हेल्म, जॉन ब्रनर, जे. जी. बॅलर्ड आणि फ्रेडरिक पोल या नावांवरून निवडीचा कस कळतो. ब्रनर यांच्या ‘सम लॅप्स ऑफ टाइम’ या भागाचे नेपथ्य रिडली स्कॉट नावाच्या तरुणाने केले होते. पुढे मोठे चित्रपट दिग्दर्शक झाले ते हेच.

पहिल्या पर्वाच्या 12पैकी 10 भाग वाचले आहेत, म्हणून मालिकेचा मूळ स्वभाव तिथे नीट दिसतो. पोल यांच्या ‘द मायडस प्लेग’मध्ये उत्पादन इतके वाढले आहे की गरिबांवर सतत वापरत राहण्याची सक्ती आहे. मोठे घर, ताटभर जेवण, रोज नव्या वस्तू, हे सारे गरिबांच्या वाट्याचे. साधे राहण्याची चैन फक्त श्रीमंतांची. नायक कंटाळून वस्तू झिजवायचे काम आपल्या यंत्रमानवांना लावतो. विनोदाच्या अंगाने जाणारा हा भाग आज, दारात रोज खोकी येऊन पडत असताना, अधिकच लागू पडतो.

पण या पर्वातला माझा सर्वांत आवडता भाग ‘द डेड पास्ट’. आसिमोव्ह यांची मूळ कथा अशी: भूतकाळ पाहता येईल असे यंत्र सरकारच्या ताब्यात आहे. इतिहासाचे एक प्राध्यापक प्राचीन कार्थेजवर संशोधन करतात, त्यांना ते यंत्र हवे आहे आणि परवानगी मिळत नाही. ते एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरतात. मग कळते की यंत्राला कार्थेजपर्यंत जाताच येत नाही, त्याची धाव शंभर-सव्वाशे वर्षांचीच. आणि त्याहून भयंकर म्हणजे भूतकाळ हा हजार वर्षांपूर्वीचाच असतो असे नाही, क्षणापूर्वीचाही असतो. यंत्र घरोघरी गेले तर कोणाच्याही घराला भिंत उरणार नाही. प्राध्यापकांची मुलगी लहानपणी आगीत गेलेली आहे, आणि त्यांची बायको त्या यंत्राकडे कोणत्या ओढीने पाहते हे उमगते तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. गेलेले पुन्हा पाहण्याची ही तहान दाखवणारा भाग पुसण्यातून वाचला, आणि अशाच तहानेने लोक आता त्याचे हरवलेले सोबती शोधत आहेत.

दुसरे पर्व 6 ऑक्टोबर 1966 रोजी ‘द मशीन स्टॉप्स’ने सुरू झाले. ई. एम. फॉर्स्टर यांनी ती कथा 1909मध्ये लिहिली. माणसे जमिनीखाली मधाच्या पोळ्यासारख्या कोठड्यांत राहतात, पडद्यावरून एकमेकांशी बोलतात, प्रत्यक्ष भेटीची त्यांना किळस येते, आणि सर्व काही पुरवणाऱ्या यंत्राला ती हळूहळू देव मानू लागतात. व्हाश्ती ही आई आणि कुनो हा मुलगा, एवढ्या दोघांवर कथा उभी आहे. इव्होन मिचेल आणि मायकेल गॉथार्ड यांनी त्या भूमिका केल्या, दिग्दर्शन फिलिप सॅव्हिल यांचे. 1967मध्ये ट्रिएस्टच्या विज्ञानपट महोत्सवात या भागाला पहिले पारितोषिक मिळाले. फॉर्स्टर तेव्हा हयात होते. हेच फॉर्स्टर 1921मध्ये देवास थोरल्या पातीच्या दरबारी तुकोजीराव पवार महाराजांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिले होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी डोळे भरून पाहिली आणि नंतर लिहिलीही. गुलालाने माखलेल्या, अंगाला अंग लागलेल्या त्या गर्दीत ते उभे असतील तेव्हा आपल्याच कथेतली ती कोठडी त्यांना आठवली असेल का, हा विचार हा भाग पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या पर्वातल्या 13पैकी फक्त चार भाग हाती आहेत. त्यातला ‘लेव्हल सेव्हन’ मॉर्डेकाय रोशवाल्ड यांच्या कादंबरीवरचा. रूपांतर जे. बी. प्रीस्टली यांचे, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टियर यांचे. अणुयुद्धाचे बटण दाबणारी माणसे भूगर्भातल्या सर्वांत खोल मजल्यावर कायमची कोंडलेली आहेत. अनेक वर्षे हा भाग हरवलेला समजत. 2006मध्ये त्याची प्रत युरोपातल्या एका प्रसारण संस्थेकडून परत आली.

तिसऱ्या पर्वाच्या वेळी शुबिक बीबीसीच्याच दुसऱ्या नाट्यमालिकांकडे गेलेल्या होत्या. (1980मध्ये सिमल्यात चित्रित झालेल्या ‘स्टेइंग ऑन’ या टीव्हीपटाच्या निर्मात्या त्याच.) त्यांच्यानंतर निर्मिती अ‍ॅलन ब्रॉमली यांच्याकडे आणि कथासंपादन रॉजर पार्क्स यांच्याकडे आले. जानेवारी 1969पासून मालिका रंगीत झाली. त्याआधी दोनच आठवडे अपोलो 8 चंद्राला फेऱ्या मारून परतले होते. 1971च्या चौथ्या पर्वात मालिकेने अंतराळ जवळजवळ सोडून दिले आणि ती मनातल्या भीतीकडे, भुताखेताच्या कथांकडे वळली. खरा चंद्र घरच्या पडद्यावर पाहिलेल्यांना स्टुडिओतला खडक पटणे अवघड होते, हे समजू शकते. तरी हे वळण मला मालिकेचे नुकसान वाटते. शुबिक यांच्या काळातला कल्पनेचा ताठ कणा या भागांत नाही.

आता पुसापुशीबद्दल. तेव्हाची व्हिडिओटेप दोन इंच रुंद, महाग, आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम हवा तितक्या वेळा दाखवता येत नसे. घरी नेऊन पाहण्याची सोय नव्हतीच, व्हीएचएस जपानात आले ते 1976मध्ये. फिल्मवरचे काम जपायला बीबीसीचे फिल्म ग्रंथालय होते, टेपवरचे जपणे कोणाच्याच कामात मोडत नव्हते. प्रक्षेपण झाले, परदेशी विक्रीची मुदत संपली, की टेप पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, हा रोजचा रिवाज होता. फिल्म आणि व्हिडिओटेप दोन्हींचे एकत्रित ग्रंथालय बीबीसीने स्थापले ते 1978मध्ये. कृष्णधवल भाग वाचले ते बहुतांशी परदेशी विक्रीसाठी पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेल्या प्रतींमुळे. तिसऱ्या पर्वाच्या 13 रंगीत भागांपैकी पूर्ण राहिला एकच, ब्रनर यांच्या कथेवरचा ‘द लास्ट लोनली मॅन’. ‘द लिटल ब्लॅक बॅग’ अर्धवट मिळाला. चौथ्यातले 11पैकी पाच आहेत. म्हणजे मालिकेच्या पूर्वार्धाचे 14 भाग दिसतात आणि उत्तरार्धाचे सहा. उत्तरार्धाबद्दलचे माझे वरचे मत याच सहांवरून बनलेले आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

असे फक्त या मालिकेचे झाले नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी जॉन इलियट यांच्यासह लिहिलेली ‘ए फॉर अँड्रॉमिडा’ ही 1961ची बीबीसी मालिकाही बहुतेक पुसली गेली. तेव्हा केंब्रिजमध्ये हॉयल यांच्या हाताखाली जयंत नारळीकर संशोधन करत होते. ‘आउट ऑफ द अननोन’च्या सर्व वर्षांत नारळीकर केंब्रिजमध्येच होते, 1972मध्ये ते भारतात परतले. 1974मध्ये त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. मोठा शास्त्रज्ञ स्वतः कथा लिहितो आणि त्यात कमीपणा मानत नाही, याचे उदाहरण त्यांच्या गुरूंनी घालून दिलेले होते. मराठी विज्ञानकथेचा एक धागा असा त्या काळच्या ब्रिटनपर्यंत पोहोचतो, म्हणून या पुसलेल्या टेपांचे आपल्यालाही थोडे देणे लागते.

2014च्या संचातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याने पोकळ्या झाकलेल्या नाहीत. हरवलेल्या भागांना त्यात जागा आहे, तुटका भाग तुटकाच दाखवला आहे, जुन्या कलावंतांचे आणि तंत्रज्ञांचे बोलणे आहे. आयरीन शुबिक 2019मध्ये गेल्या. आपले काम असे पुन्हा लोकांच्या हाती आलेले त्यांच्या हयातीत घडले, याचा मला मनापासून आनंद आहे.

हरवलेल्यांपैकी एक पाहायला मिळावा असे कोणी म्हटले तर मी ‘द प्रॉफेट’ मागेन. 1 जानेवारी 1967चा हा दुसऱ्या पर्वातला शेवटचा भाग आसिमोव्ह यांच्या ‘रीझन’ या कथेवरचा: अंतराळ केंद्रावरचा यंत्रमानव तर्क लढवून ठरवतो की माणसांनी आपल्याला बनवणे शक्यच नाही, आणि केंद्राच्या ऊर्जायंत्रालाच देव मानून इतर यंत्रमानवांना भक्तीला लावतो. चित्रफीत नाही. पण त्या यंत्रमानवांचे पोशाख 1968मध्ये ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतल्या ‘द माइंड रॉबर’ या कथेत पुन्हा वापरले गेले आणि ते भाग शाबूत आहेत. डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात रचलेले त्या यंत्रमानवांचे स्तोत्रही ऐकायला मिळते. टेपचे तुकडे उलटेसुलटे जोडून तयार केलेला तो घोष कानाला लावून मी ‘द माइंड रॉबर’मधले ते पांढरे पोशाख दोनदा पाहिले.