भिंतीवरची ही बाई कोण? पुण्यातल्या बिननावाच्या तैलचित्रांची पार्श्वभूमी

पुण्यात एखादा वाडा पाडायला काढला, की माळ्यावरून कधी कधी एक मोठं चित्र निघतं. कधी ते बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात तांब्याच्या घंगाळाला टेकवलेलं दिसतं. काळपट पडलेलं तैलचित्र, जाडजूड फ्रेम, सोनेरी मुलामा उडालेला, आणि आत एक बाई, भरजरी नऊवारी, गळ्यात तन्मणी, नाकात मोत्यांची नथ, एक हात खुर्चीच्या हातावर. कोण आहे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. मग विकणारा म्हणतो पेशवेकालीन आहे, सरदार घराण्यातली आहे, आणि गिऱ्हाईक जरा भोळं दिसलं तर थेट मस्तानीच.

मस्तानी नसतेच ती. मस्तानी गेली १७४० ला, आणि कॅनव्हासवर तेलरंगात समोर बसवून माणूस रंगवायचा प्रकार पुण्यात मूळ धरायला लागला त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, जेम्स वेल्समुळे. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोचला, इथला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनी सरकारचा वकील, चार्ल्स मॅलेट याच्या आधाराने. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे हे आज आपल्या डोळ्यासमोर जसे येतात ते बरेचसे वेल्सच्या कामामुळे. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली, तिथला गंगाराम तांबट हा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी. पण १७९५ ला सवाई माधवराव गेले, त्याच साली वेल्सही गेला आणि सगळं बारगळलं.

वेल्सने मॅलेटच्या बीबीचंही, म्हणजे लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहणाऱ्या हिंदुस्थानी बाईचंही, चित्र काढलं होतं, अंबर कौर तिचं नाव. मॅलेटपासून तिला मुलं झाली, लग्न मात्र त्याने नंतर वेल्सच्याच मुलीशी केलं, सुझानाशी, १७९९ मध्ये. आता गंमत बघा, या अंबर कौरचं नाव आपल्याला आज माहीत आहे ते मॅलेट आणि वेल्स दोघंही कागद ठेवणारी माणसं होती म्हणून. वेल्सची रोजनिशीसुद्धा टिकली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की चित्रातल्या बाईचं नाव कॅनव्हासवर क्वचितच असायचं, ते राहायचं कुणाच्या तरी कागदात नाहीतर घरातल्यांच्या तोंडात, आणि जुन्या बाजारात येणाऱ्या चित्रांच्या बाबतीत तो कागद कधी नव्हताच.

कारण ही चित्रं बहुतेक वेल्सच्या नंतर खूप उशिराची, १८८० ते १९३० च्या आसपासची. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं, १८८८ ला बॉम्बे आर्ट सोसायटी आली, आणि तिथून हुबेहूब माणूस रंगवणारी पोरं बाहेर पडायला लागली. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर ही त्यातली मोठी नावं, पण त्यांच्या खालोखाल कितीतरी साधे हात होते जे संस्थानिकांकडे, वकिलांकडे, सावकारांकडे जाऊन ऑर्डर घेऊन चित्रं करायचे. कोल्हापूरकडे आबालाल रहिमान आणि नंतर बाबूराव पेंटर यांची वेगळीच परंपरा. पैसेही आता नवीन माणसांच्या हातात होते, पेशवाई गेली तरी कंत्राटदार, डॉक्टर, पेढीवाले आले होते आणि दिवाणखान्यात युरोपियन पद्धतीचं तैलचित्र असणं म्हणजे आपण कोण आहोत ते आल्यागेल्याला न बोलता सांगणं. पुण्यात चित्रशाळा छापखाना १८७८ ला निघाला होता, रविवर्म्याने घाटकोपरला काढलेला छापखाना १८९९ ला मळवलीला आला, त्यामुळे छापील देव आणि देवी कुणाच्याही घरात येऊ शकत होत्या. पण स्वतःच्या बायकोचं नाहीतर आईचं तैलचित्र ही ज्याला परवडेल त्याचीच गोष्ट.

आता ती बाई चित्रकारासमोर बसली होती का? बऱ्याचदा नाही. घरंदाज बाईने परक्या पुरुषासमोर तासन्‌तास, तेही दिवसामागून दिवस, बसणं हे त्या काळच्या बहुतेक घरांना चाललंच नसतं. मग एक फोटो द्यायचा, त्यावरून चेहरा करायचा, हातपाय-साडी दुसऱ्या कुणाला बसवून, दागिने समोर ताटात मांडून. म्हणून पुष्कळ चित्रांत चेहरा फोटोसारखा सपाट आणि ताठ असतो, आणि दागिने मात्र जिवंत. मी पाहिलेल्या एका चित्रात नथीतला एकेक मोती नीट बघता येत होता, आधी करड्या रंगाचा ठिपका, त्यावर एका बाजूला पांढऱ्याचा जाड टिपका इतका उंच की बोटाला लागेल, आणि खालच्या कडेला साडीच्या तांबड्या रंगाची बारीकशी झाक. त्याच चित्रात डोळे बघाल तर दोन्ही एकसारखे निर्जीव. चित्रकाराला मोती समोर मिळाले होते, बाई मिळाली नव्हती.

आणखी एक गोष्ट म्हणजे कुंकू. उच्चवर्णीय घरांतली विधवा म्हणजे आलवण, केशवपन, अंगावर दागिना नाही, तिचं असं नटून-थटून चित्र कोण काढून घेणार. म्हणजे चित्रातली बाई एकतर तेव्हा सवाष्ण होती, किंवा अहेवपणी गेली आणि नवऱ्याने तिच्यामागे फोटोवरून चित्र करून घेतलं. दुसरा प्रकारही भरपूर असणार असं मला वाटतं. नवरा आधी गेला असता तर हीच बाई त्या दिवाणखान्यात नाही, आतल्या अंधाऱ्या खोलीत दिसली असती, आणि तिचं चित्र कुणी काढलं नसतं.

शिवाय श्रीमंत दिसणारी प्रत्येक बाई श्रीमंत घरचीच असं समजू नका. चित्रकारांना समोर बसणारी माणसं लागायची आणि घरंदाज बायका बसत नसत, मग गाणाऱ्या कलावंतिणी बसायच्या. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर रविवर्मा आणि धुरंधरांसाठी बसल्या होत्या असं सांगतात. तेव्हा पैठणी आणि सोनं बघून कुठल्या घराण्याची सून हे ठरवायला जाल तर फसाल.

कॅम्पातून निघालेलं चित्र असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते. तिथे पारशी होते, बगदादी ज्यू होते, डेव्हिड ससूनसारखी माणसं ज्यांच्या पैशातून ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं राहिलं. पारशी बाईचं चित्र ओळखायला तुलनेने सोपं, डोक्याला पांढरा माथाबाना गुंडाळलेला असेल तर जुन्या वळणाची, चिनी भरतकामाची साडी, म्हणजे गारा, असेल तर चीनच्या व्यापाराशी नातं सांगणारी. चीनशी व्यापार करणारे पारशी तिकडच्या चित्रकारांकडून स्वतःची चित्रं करून आणायचे, कँटनचा लामक्वा त्यासाठी नावाजलेला होता. आणि पिठावालांना तर १९०५ मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्सला भेट द्यायच्या अल्बमसाठी भारतीय बायकांची चित्रं करायचं काम मिळालं होतं, त्यानंतर त्यांचं नाव घरोघर झालं. १९४७ ला इंग्रज गेले, नंतर बरीच पारशी आणि ज्यू कुटुंबंही हलली, सामान मागे राहिलं नाहीतर लिलावात गेलं.

पेठांमध्ये मात्र घाव घातला तो १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांतले कितीतरी वाडे त्या एका दिवसात बसले. जे वाचले ते नंतर बिल्डरकडे गेले. वाड्यात चित्र एका ठरावीक भिंतीवर असायचं, आणि त्याला कुणी नाव लावून ठेवत नव्हतं कारण गरजच नव्हती, घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं या आमच्या माई. भिंत गेली, चित्र वन बीएचकेत मावेना, पलंगाखाली गेलं, मग पुढच्या पिढीसाठी ती पणजी झाली आणि त्याच्या पुढच्या पिढीसाठी कुणीतरी. त्यात लग्नात तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहायची आपली पद्धत, म्हणजे माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, हाक मारायची वहिनी, काकू, जिजी नाहीतर माई. वंशावळीत तर बायका नसायच्याच. आता कुणी शोधायला निघालं तरी कुठल्या नावाने शोधणार?

म्हणून मग वस्तूलाच विचारावं लागतं. चोळी पुढे गाठ मारलेली आहे की लांब बाह्यांचं, लेस लावलेलं पोलकं आहे, नऊवारी आहे की पाचवारी, कारण शिकलेल्या मराठी बायकांत पाचवारी रुळली ती साधारण १९२० नंतर. हातात पुस्तक दिलं असेल तर शिकलेली म्हणून मिरवायची हौस, म्हणजे हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ला निघाली त्याच्या पुढचा काळ धरायला हरकत नाही. पण माझं ऐकाल तर पुढून बघण्याआधी चित्र उलटं करा. कॅनव्हासच्या मागे विन्सर अँड न्यूटन किंवा रीव्हज अशा इंग्रजी कंपनीचा शिक्का असेल तर त्यावरच्या पत्त्यावरून काळ काढता येतो. चौकटीच्या कोपऱ्यात ताण द्यायच्या लाकडी पाचरी आहेत का, खिळे कसले, फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे का, पेन्सिलीने काही खरडलंय का. पांढरा रंग टायटॅनियमचा निघाला तर चित्र, किंवा निदान तो भाग, १९२० च्या अलीकडचा.

भिंग लावलं की काही जणांचा हिरमोड होतो. कॅनव्हासवरचं चित्र म्हणून घेतलेलं प्रत्यक्षात वार्निश फासलेलं जुनं छापील चित्र निघतं, शिळाछापाचे बारीक ठिपके दिसतात. नाहीतर मोठा केलेला फोटो आणि त्यावर रंग. रंगवलेला फोटो मात्र मला अजिबात कमी वाटत नाही, उलट त्यात निदान चेहरा त्या बाईचाच असतो याची खात्री.

आणि कुणाच्या सांगण्यावरून कापलेला बटाटा, कांदा किंवा साबणाचं पाणी लावून साफ करायला जाऊ नका हो, पिवळं पडलेलं वार्निश जायचं राहतं आणि मोत्यांवरचे ते पांढरे टिपके आधी निघतात. शंभर वर्षांवरचं चित्र कायद्याने पुरावस्तू ठरतं, १९७२ चा कायदा आहे, त्यामुळे मुलगा अमेरिकेत आहे म्हणून त्याच्याकडे पाठवून देऊ हेही जमत नाही. रविवर्म्याचं असेल तर वयाचाही प्रश्न नाही, त्याची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, देशाबाहेर जात नाहीत.

रविवर्म्याचं नाव आलंच आहे तर सहीबद्दल. बाजारात बाईच्या नावाला काही किंमत नाही, चित्रकाराच्या नावाला आहे, त्यामुळे बिनसहीच्या चित्रावर मागाहून धुरंधर नाहीतर रविवर्मा उगवतात. अशा वेळी कोपऱ्यात भिंग धरून भेगा बघायच्या. चित्र वाळल्यावर काही वर्षांनी रंगाला बारीक भेगा पडतात, आणि खरी जुनी सही असेल तर भेग सहीच्या अक्षरांनाही चिरत जाते. सहीचा रंग भेगेच्या आत उतरलेला दिसला तर सही भेगांनंतरची. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अजून सोपं, जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि वरून केलेली सही त्यात काळीकुट्ट उठून दिसते, टॉर्च काही फार महाग नसतो, घासाघीस करायला बसण्याआधी खिशात टाकून जा.