काइफुकुकी आणि रोकेन: रिहॅब दोन्हीकडे, विमा मात्र वेगळा

जपानमध्ये आपल्यापैकी कुणाला पक्षाघात झाला की सल्ला ठरलेला असतो: ‘आधी कुयाकुशोत (वॉर्ड कार्यालयात) जाऊन काइगोचा (सरकारी देखभाल विम्याचा) अर्ज टाका, म्हणजे रिहॅब हॉस्पिटल मिळेल.’ तो इतक्या तोंडांतून फिरलाय की खराच वाटतो. प्रत्यक्षात काइगोच्या अर्जाचा आणि रिहॅब हॉस्पिटलचा काडीचाही संबंध नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स जिथे नेते ते मोठं हॉस्पिटल तुम्हाला माहीतच आहे. तब्येत स्थिरावली की तिथून निघावं लागतं. घोटाळा होतो तो पुढच्या मुक्कामाचा: काइफुकुकी की रोकेन?

काइफुकुकी म्हणजे खरंखुरं रिहॅब हॉस्पिटल, आणि ते चालतं रोजच्या आरोग्य विम्यावर. सत्तरीच्या आतल्यांना बिलाचा 30 टक्के वाटा, त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा. वयाची अट नाही. तिशीतल्या माणसालाही प्रवेश मिळतो. अट आहे ती आजाराची: पक्षाघाताला जास्तीत जास्त 150 दिवस, मेंदूवरचा परिणाम गंभीर असेल तर 180, मांडीचं हाड मोडलं तर 90. व्यायाम 20 मिनिटांच्या हिशेबात मोजतात आणि पक्षाघातात दिवसाला असे 9 भाग, म्हणजे तीन तासांपर्यंत मिळू शकतात.

रोकेन म्हणजे घरी परतण्याआधी देखभाल आणि रिहॅब देणारं ज्येष्ठांचं केंद्र, आणि ते चालतं काइगो विम्यावर. तिथे 65 वर्षांवरचे लोक जातात. 40 ते 64 मधल्यांना ठरावीक 16 आजारांपैकी एखादा असेल तरच दार उघडतं. पक्षाघात त्या यादीत आहे, अपघातात मोडलेला पाय नाही. शिवाय काइगोची किमान पहिली श्रेणी मंजूर असावी लागते, आणि त्या निर्णयाला साधारण महिना जातो. रिहॅब इथेही आहे, पण सुरुवातीच्या तीन महिन्यांत आठवड्यातून तीनेकदा, वीस-वीस मिनिटं. त्यामुळे पन्नाशीतला माणूस काइफुकुकीला पात्र असताना ‘दोन्ही सारखंच’ म्हणून कुणी त्याला रोकेनची वाट दाखवली, की माझं डोकं फिरतं. उभं राहायला शिकायचे महिने असे वाया घालवायचे नसतात.

काइफुकुकीची खाट मिळते ती आधीच्या हॉस्पिटलातल्या सोशल वर्करमार्फत, हॉस्पिटल ते हॉस्पिटल. तुमचं काम एवढंच, की पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठून कुठल्या भागात हवं आणि हमीदार कोण, हे सांगायचं. भाग निवडताना नाव-कीर्ती बघू नका. रोज भेटायला जाणाऱ्याचं घर कुठे आहे ते बघा.

मग काइगोचा अर्ज करायचा कधी? पात्र असाल तर काइफुकुकीत असतानाच, घरी जाण्याच्या महिना-दीड महिना आधी. दरवाज्याजवळच्या कठड्यासाठी, भाड्याच्या पलंगासाठी, नंतरच्या डे-केअरसाठी तो लागतो. घरातल्या बदलांना 2 लाख येनपर्यंतच्या खर्चावर मदत मिळते. पुष्कळ ठिकाणी घरी सोडण्याआधी थेरपिस्ट घरी येऊन गेनकानची (प्रवेशदाराची) पायरी आणि टबच्या काठाची उंची टेपने मोजून नेतात. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

ते 150 किंवा 180 दिवस हा तुमचा हक्क नव्हे, ती कमाल मर्यादा आहे. सुधारणा थांबली असं वाटलं की आधीच घरी पाठवतात.

भाषेकडे मात्र दुर्लक्ष नको. स्मरणशक्तीच्या एका रूढ चाचणीत आठवतील तितक्या भाज्यांची नावं सांगायला लावतात. आयुष्यभर दोडका, घेवडा, पडवळ म्हणत बाजार केलेल्याला जपानीत चारच आठवली, तर दोष मेंदूचा की भाषेचा? ‘मराठीत विचारा आणि मराठीत विचारल्याची नोंद करा’ असा आग्रह घरच्यांनी पहिल्याच बैठकीत धरावा. आणि दुभाष्या म्हणून शाळकरी मुलाला बसवू नका. बापाच्या मेंदूची बातमी त्याच्या तोंडून वदवून घेणं मला पटत नाही.

आता भेटीला आलेल्या आई-वडिलांचं. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्यांना यांतला एकही विमा लागू होत नाही, म्हणजे काइफुकुकी असो की रोकेन, सगळं बिल खिशातून. त्यांचा प्रवास विमा मुंबईहून निघण्यापूर्वीच काढा, आणि त्यात जुने आजार धरले आहेत का ते वाचून बघा.