दोन इंजिनं आणि एक चुकलेला गुणाकार

बोइंग ७६७च्या एका ओळीत सात खुर्च्या: दोन, तीन, दोन. त्यांतल्या सहा एकतर खिडकीला लागून, नाहीतर वाटेला लागून. दोघांच्या मध्ये अवघडून बसणारा ओळीत एकटाच. प्रवाशांना हे विमान आवडायचं ते यासाठी. रुंदी ठरली मात्र इंधनाच्या हिशोबानं. १९७०च्या दशकात तेल महागलं होतं, आणि धड जितकं बारीक तितकी हवा कमी रेटावी लागते. म्हणून ७६७चं धड ५.०३ मीटर रुंद ठेवलं, एअरबस ए३००पेक्षा साधारण ६० सेंटीमीटर कमी. त्याचा भुर्दंड पोटाला बसला. मोठ्या विमानांच्या पोटात एलडी३ नावाचे सामानाचे कंटेनर जोडीनं बसतात, इथे बसत नाहीत. त्यापेक्षा लहान एलडी२ वापरावे लागतात. तरी गंमत अशी, की याच विमानाची मालवाहू आवृत्ती १९९५पासून पार्सलं वाहते आहे आणि प्रवासी आवृत्तीपेक्षा जास्त टिकली. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या गेल्या, आणि वरखाली मिळून सुमारे ५२ टन माल आला. व्यापारी मालवाहू ७६७चं उत्पादन २०२७मध्ये थांबवायचं बोइंगनं जाहीर केलं आहे.

पण या विमानाची खरी कामगिरी रुंदीत नाही. दोन इंजिनांवर महासागर ओलांडायला त्यानं विमानसेवांना शिकवलं.

अमेरिकेत १९५३पासून एक नियम होता. दोन इंजिनांच्या विमानानं, एक इंजिन बंद पडलं तरी ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहायचं. नकाशावर प्रत्येक विमानतळाभोवती तेवढं वर्तुळ काढा. वर्तुळांबाहेरचं पाणी वर्ज्य. अटलांटिक ओलांडायचा तर उत्तरेकडून वळसा. नियम पिस्टन इंजिनांच्या काळातला. त्या इंजिनांत धातूचे तुकडे मिनिटाला हजारो वेळा पुढेमागे आपटायचे. जेटमध्ये मुख्य भाग एकाच दिशेनं गरगरत राहतात, त्यामुळे बिघाड फारच कमी. १९८५ साली टीडब्ल्यूए या अमेरिकी विमानकंपनीच्या ७६७नं बॉस्टनहून पॅरिस गाठलं. त्याच वर्षी मर्यादा १२० मिनिटांवर गेली, १९८८मध्ये १८०वर. या परवानगीला ‘इटॉप्स’ म्हणतात. वैमानिकांनी त्या इंग्रजी आद्याक्षरांचा आपला अर्थ लावला: इंजिनं फिरतील, नाहीतर प्रवासी पोहतील.

आता गणित. समजा एक इंजिन लाख तासांत एकदा बंद पडतं. मग दोन्ही एकाच तासात बंद पडण्याची शक्यता लाखाचा लाखाशी गुणाकार, म्हणजे हजार कोटींत एक. मात्र हा गुणाकार एकाच अटीवर चालतो: दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. म्हणून इटॉप्सच्या विमानात एकाच तंत्रज्ञानं एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, असा दंडक आहे. त्याच्या हातून एक झाकण सैल राहिलं, तर दुसरंही राहील ना!

दोन्ही इंजिनांत काय सामाईक असू शकतं, हे २३ जुलै १९८३ला दिसलं होतं. एअर कॅनडाचं नवंकोरं ७६७ माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघालं. डाखजोडणीतल्या दोषामुळे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून पंखाखालच्या मोजपट्टीनं इंधन मोजलं: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला गुणायचं ०.८नं, कागदावर होता १.७७, जो पौंडांचा आकडा. उत्तर आलं १३,५९७ आणि सगळ्यांनी ते किलो समजून पुढचा हिशोब केला. सुमारे २०,००० लिटर भरायचे तिथे ४,९००च्या आसपास भरले. जुन्या विमानांत इंधनाचा हिशोब पाहायला फ्लाइट इंजिनिअर असायचा. ७६७च्या कॉकपिटमध्ये तो नव्हता, आणि त्याचं हे काम आता कुणाचं, हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं.

४१,००० फुटांवर एक इंजिन थांबलं, थोड्या वेळानं दुसरं. दोन्ही इंजिनं ठणठणीत, टाक्या कोरड्या. कॉकपिटमधले बहुतेक पडदे काळे झाले. पोटाखालून एक छोटा पंखा वाऱ्यात बाहेर आला आणि वाऱ्याच्याच जोरावर सुकाणूंना लागणारा हायड्रॉलिक दाब देऊ लागला. कॅप्टन बॉब पिअरसन हौशी ग्लायडरपटू होते. मॅनिटोबातल्या गिमली इथल्या हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर त्यांनी नेम धरला. विमान फार उंच येत होतं, तेव्हा त्यांनी ते मुद्दाम आडवं-तिरकं सरकवत उंची कमी केली, ग्लायडरमध्ये करतात तसं. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं; ते आत दुमडलं, नाक घासत गेलं आणि त्या घर्षणाचीही मदत होऊन विमान लोकांच्या अलीकडे थांबलं. आतले ६९ जण वाचले. तात्पुरती डागडुजी होऊन दोन दिवसांनी ते गिमलीहून उडालं आणि जानेवारी २००८पर्यंत सेवेत राहिलं.