खिशात हात गेला की कळतंच? नाही कळत

'माझ्या खिशात कोणी हात घातला तर मला लगेच कळेल' हे वाक्य प्रवासाला निघालेल्या माणसांच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे. ते खरं नाही. याच समजापायी पासपोर्ट गमावलेली माणसं वर स्वतःलाच बावळट ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न लक्षाचा आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चित्रफितीतले बास्केटबॉलचे पास मोजायला लावले. मधूनच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती चालत गेली, आणि जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. डोळ्यांसमोरचा गोरिला सुटतो, तिथे पाकीटमाराच्या दोन बोटांची काय कथा!

मेट्रोच्या दारात पुढचा माणूस अचानक थांबतो, मागचा खांद्यावर आदळतो. तो धक्का इतका मोठा असतो की मांडीजवळची हलकी हालचाल जाणवतच नाही. तोवर पाकीट त्यांच्याच टोळीतल्या तिसऱ्याकडे गेलेलं असतं, म्हणून ज्याला आपण पकडतो त्याच्याजवळ काही सापडत नाही.

नकाशा पुढे करून रस्ता विचारणं, कपड्यावर काहीतरी सांडून पुसायला धावणं, यातही डाव हाच. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, बॅग छातीशी. अंगावर काही सांडलं तर डाग नंतर बघा, आधी खिशावर हात.