यूट्यूबचा रोजमेळ: दुसऱ्याच्या चॅनेलचे आकडे आपोआप जमा करताना

"समोरच्या चॅनेलला गेल्या दिवाळीत किती व्ह्यूज मिळाले, तेवढं काढून द्या." महिन्यातून एकदा तरी असा फोन येतो आणि आम्ही नाही म्हणतो. ही टाळाटाळ नाही, तो आकडा आम्हाला मिळतच नाही. दुसऱ्याच्या चॅनेलबद्दल विचारलं तर यूट्यूब फक्त या घडीचा एकूण आकडा सांगतं. एखाद्या व्हिडिओवर आज २ लाख व्ह्यूज दिसत असतील, तर ते पहिल्या चार दिवसांत आले की वर्षभर थेंबथेंब साचले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कळायचं असेल तर रोज ठरल्या वेळी आकडा बघून लिहून ठेवावा लागतो. दुकानदार रात्री गल्ला मोजून रोजमेळ लिहितो, तसाच.

हा रोजमेळ हाताने लिहिणारे ग्राहकही आमच्याकडे आले आहेत. लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसात एक ताई रोज सकाळी बारा चॅनेल उघडून वहीत आकडे उतरवायच्या. वही सुबक होती, पण रविवार कोरे आणि गणपतीचे पाच दिवसही कोरे. नवे व्हिडिओ नेमके त्याच दिवसांत पडलेले. ते काम आता एक वर्कफ्लो, म्हणजे ठरल्या क्रमाने आपोआप चालणारी कामांची साखळी, करतो. तो कसा चालतो, त्यात काय बसतं आणि काय नाही, ते या पत्रकात सांगितलं आहे. काम सुरू करण्याआधी एकदा वाचा, म्हणजे नंतरचे निम्मे फोन वाचतील. तुमचेही आणि आमचेही.

कोड न लिहिता म्हणजे कसं

पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. पहिला चौकोन घड्याळ, दुसरा यूट्यूबकडून माहिती आणणारा, तिसरा ती नीट करणारा, चौथा गुगल शीटमध्ये ओळ टाकणारा. झॅपियर, मेक (जुनं नाव इंटिग्रोमॅट) आणि एन-एट-एन ही यातली चलतीची नावं. दिसायला तिन्ही सारखी, बिल वेगळं. झॅपियर पार पडलेली प्रत्येक कृती मोजतं, त्यामुळे ६०० व्हिडिओंच्या ६०० ओळी एकेक करून लिहिल्या तर महिन्याची मर्यादा बघता बघता संपते. एन-एट-एनच्या क्लाउडवर पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंतची अख्खी फेरी एक धरली जाते. तेच आपल्या सर्व्हरवर बसवलं तर फेऱ्या मोजण्याचा प्रश्न उरत नाही, सर्व्हरचं भाडं मात्र द्यावं लागतं. आम्ही बहुतेकांना एन-एट-एन सुचवतो. दिवसाला दोन-चारच ओळी टाकायच्या असतील, तर झॅपियर किंवा मेकमध्ये काम लवकर उरकतं.

आणि फक्त "अमक्याने नवा व्हिडिओ टाकला की कळवा" एवढंच हवं असेल, तर आमची गरज नाही. प्रत्येक चॅनेलला आरएसएस फीड, म्हणजे नव्या व्हिडिओंची आपोआप ताजी होणारी यादी, असते. तिच्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात, गुगलकडून घ्यायची चावी (पासवर्डसारखा कोड) लागत नाही, माहिती मागण्याचा रोजचा कोटाही जात नाही. फीडचा पत्ता कसा बनवायचा ते फोनवर सांगू. त्याचे पैसे घेत नाही.

कोटा कुठे जातो

डेटा एपीआय म्हणजे वर्कफ्लोसारख्या प्रोग्रामने यूट्यूबकडे माहिती मागायची अधिकृत खिडकी. तिला पैसे पडत नाहीत, पण रोजचा शिधा ठरलेला असतो. गुगल क्लाउडवर काढलेल्या नेहमीच्या प्रोजेक्टला (चावी ज्याच्या नावावर मिळते ते खातं) दिवसाला १०,००० युनिट मिळतात, आणि प्रत्येक विनंतीला त्यातले काही खर्च होतात. वाचून वाटतं, पुष्कळ झाले. पण सर्चची एक विनंती १०० युनिट खाते, आणि घरी बांधलेले बरेचसे वर्कफ्लो सर्चवरच उभे असतात, कारण तो चौकोन समोर दिसतो आणि नावावरून सोयीचा वाटतो.

बारा चॅनेलचं गणित मांडून बघू. प्रत्येक चॅनेलसाठी सर्च केला की १,२०० युनिट. वर व्हिडिओंचे आकडे आणायला १२. ही फेरी तासातासाला लावली तर दिवसाला २९,०००, म्हणजे आठ तासांतच शिधा खलास.

आम्ही सर्च वापरत नाही. प्रत्येक चॅनेलची 'अपलोड' नावाची एक आतली प्लेलिस्ट असते. तिचा आयडी चॅनेलच्या माहितीतच मिळतो. चॅनेलचा आयडी 'यूसी'ने सुरू होतो, या प्लेलिस्टचा 'यूयू'ने, पुढची अक्षरं तीच. ती वाचायला १ युनिट लागतं आणि एका वेळी ५० व्हिडिओंचे आयडी हाती येतात. मग ते पन्नासच्या पन्नास आयडी स्वल्पविरामाने जोडून एकाच विनंतीत आकडे मागायचे, आणखी १ युनिट. बारा चॅनेलचे २४, चॅनेलांची स्वतःची माहिती एका विनंतीत १, एकूण २५. तासातासाला चालवलं तरी दिवसाला ६००. शिवाय सर्चमधून एखादा व्हिडिओ निसटू शकतो, अपलोडच्या यादीत तो रांगेत असतो.

कोटा संपलाच तर घाबरू नका. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री परत भरतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. चार प्रोजेक्ट काढून कोटा चौपट करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. ती नियमाबाहेर आहे आणि आम्ही ती करून देत नाही. एपीआय टाळून यूट्यूबच्या वेबपानावरून प्रोग्रामने आकडे खरवडून काढण्याचंही तेच, यूट्यूबच्या अटींत त्याला मनाई आहे.

तीस दिवसांची गोष्ट

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथेच अपेक्षाभंग होतो. दुसऱ्याच्या चॅनेलची एपीआयमधून आणलेली माहिती ३० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, तोवर ती पुसावी किंवा ताजी करून घ्यावी, असा यूट्यूबचा नियम आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाच वर्षांचा रोजमेळ ही कल्पना मोहक असली तरी आम्ही ती बांधत नाही. आमच्या प्रत्येक वर्कफ्लोच्या शेवटी एक चौकोन जुन्या ओळी पुसणारा असतो. तो काढून टाकायचा आग्रह दर तीन ग्राहकांतला एक धरतो. आम्ही काढत नाही.

पण तीस दिवस कमी नसतात. प्रश्न त्या मापाचा विचारायचा. नवा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात किती चालला? शनिवारी टाकलेला उचलला गेला की मंगळवारचा? लहान व्हिडिओ चौथ्या दिवशी थंड पडतात का? याची उत्तरं महिन्याच्या आकड्यांत स्पष्ट दिसतात. क्लासच्या ताईंनी शेवटी हेच केलं. महिनाअखेरीला शीट बघायची आणि चार ओळींचं टिपण आपल्या शब्दांत, त्याच जुन्या वहीत लिहायचं.

तुमच्या स्वतःच्या चॅनेलचं सगळं वेगळं. तिथे लॉगिन करून परवानगी दिलीत की यूट्यूब ॲनालिटिक्स मागच्या तारखांचे आकडेही देतं, तारीखवार. लोकांनी किती मिनिटं पाहिलं, कुठून आले, हेही. तिथे रोजमेळ लिहायचीच गरज नाही. फक्त परवा-कालचे आकडे लगेच येत नाहीत, दोन-तीन दिवस मागे असतात.

शीटमध्ये येणाऱ्या गमती

व्हिडिओचा आयडी कधी कधी वजाच्या चिन्हाने सुरू होतो. शीटला वाटतं हे सूत्र आहे, आणि आयडीच्या जागी चूक दाखवली जाते. एका पाककृतीच्या चॅनेलचा एकच व्हिडिओ रोज गायब का होतो, हे शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली होती. पुरणपोळीचा होता, आयडीच्या सुरुवातीला वजा. आता तो रकाना आम्ही आधीच साध्या मजकुराचा करून ठेवतो. तुम्ही त्याचं रूप बदलू नका.

वेळ येते ती जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे चारला टाकलेली काकड आरती शीटमध्ये आदल्या रात्री साडेदहाची दिसते. भक्तिसंगीताच्या चॅनेलचा 'कोणत्या वारी काय चालतं' हा तक्ता त्यामुळे सगळाच्या सगळा एक दिवस सरकतो. आम्ही साडेपाच तास मिळवूनच ओळ टाकतो. व्हिडिओची लांबी 'पीटी४एम१३एस' अशी येते, म्हणजे ४ मिनिटं १३ सेकंद, तिचे सेकंद करून घेतो. आकडे मजकूर म्हणून येतात, त्यांची बेरीज शून्य दाखवते, तेही आधीच सुधारतो.

सबस्क्राइबरच्या आकड्यावर फार विसंबू नका. दुसऱ्याच्या चॅनेलचा तो पहिल्या तीन अंकांपुरताच मिळतो. १,२३,४५६ असतील तर १,२३,००० दिसतील. म्हणून आलेख जिन्यासारखा येतो, सहा दिवस सपाट, सातव्या दिवशी एकदम हजाराची उडी. कुणी जाहिरात केलेली नसते, पायरी ओलांडलेली असते. डिसलाइकचे आकडे २०२१च्या नोव्हेंबरपासून लोकांना दिसत नाहीत, एपीआयमधूनही येत नाहीत. आणि ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट्स सुरू झालं किंवा पुन्हा सुरू झालं की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिलं याची अट नाही. तुमच्याकडे त्याआधीचे हाताने टिपलेले आकडे असतील, तर ते नव्याशेजारी ठेवून "वाढलो, वाढलो" म्हणू नका.

आमच्या दोन चुका

एन-एट-एन आपल्या सर्व्हरवर बसवलं आणि वेळेचा पट्टा सांगितला नाही, तर ते न्यूयॉर्कचं घड्याळ धरतं. सुरुवातीच्या एका कामात आम्ही तो सांगायला विसरलो. सकाळी साडेसहाची फेरी रोज संध्याकाळी चारला चालायची. ग्राहकाच्या सकाळच्या मीटिंगला कालचेच आकडे, आणि आम्ही मात्र "फेरी वेळेवर झाली आहे" असं छातीठोक सांगत होतो.

दुसरी प्रतिक्रियांची. कमेंट वाचणं स्वस्त आहे, १ युनिटला १०० पर्यंत. पण लहान मुलांसाठीच्या व्हिडिओंवर कमेंट बंद असतात, आणि तिथे विचारलं की ४०३ क्रमांकाची चूक येते. यादीतल्या पाचव्या चॅनेलवर बालगीतं निघाली, वर्कफ्लो तिथेच थांबला, खालची सात चॅनेल तीन दिवस कोरी. गंमत म्हणजे कोटा संपला तरी ४०३च येते. आम्ही तीन दिवस कोटाच शोधत बसलो. आता चूक आली की तिचं कारण वाचून, ती ओळ बाजूला लिहून पुढे जायचं, असं बसवलं आहे. कमेंट करणाऱ्यांची नावं आम्ही शीटमध्ये घेतच नाही. बोलणं काय आहे ते कळलं की काम भागतं.

तुमच्याकडून काय लागेल

गुगल क्लाउडचं प्रोजेक्ट तुमच्याच नावाने, तुमच्याच ईमेलवर काढू. आमच्या नावावर ठेवलं तर उद्या आपलं जमलं नाही की तुम्ही अडकणार. एपीआयची चावी व्हॉट्सॲपवर पाठवू नका, समोर बसून टाकू. स्वतःच्या चॅनेलसाठी परवानगी देताना गुगल कोणतं चॅनेल ते विचारतं, तिथे घरचं खातं निवडलं जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. आणि कुणी आधी असं काम करून दिलं असेल आणि ते दर आठवड्याला बंद पडत असेल, तर बहुधा प्रोजेक्ट 'टेस्टिंग'मध्येच, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच, राहिलं आहे. तिथे दिलेली परवानगी सात दिवसांत संपते. दहा मिनिटांचं काम आहे, दुरुस्त करून देऊ.

येताना चॅनेलची यादी आणा. हँडल ('@'ने सुरू होणारं चॅनेलचं नाव) चाललं, लिंक चालली, नुसतं नाव नको, एकाच नावाची चार चॅनेल निघतात. यादी पंधराच्या आत ठेवा. आणि तीस दिवसांत उत्तर मिळेल असा एक प्रश्न कागदावर लिहून आणा, शीटचे रकाने त्यावरून ठरवू.