थेंब कुठे पडला आणि ऑइल कुठून आलं

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बाजूला घेतली की जमिनीवर नाण्याएवढा काळा डाग दिसतो. बहुतेक जण लगेच वाकून डागाच्या बरोबर वर काय आहे ते बघतात आणि तिथे जो भाग ओला दिसेल त्याला दोषी ठरवतात. फसगत होते ती इथेच. थेंब पडतो ते ऑइलच्या प्रवासातलं शेवटचं ठिकाण असतं. ऑइल निघालेलं असतं वरून आणि बऱ्याचदा पुढून, कारण उभ्या गाडीत गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं आणि धावत्या गाडीत खालून जाणारी हवा त्याला मागे रेटते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरतं आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून टपकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बऱ्याच गाड्यांत तासा-दोन तासांत बदलून होतं. चुकीचं निदान किती महागात पडू शकतं, हे एवढ्यावरून कळावं.

थोडंसं ऑइल किती दूर पसरतं याचा आपल्याला अंदाज नसतो. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपम भागातल्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. त्याचा हा अहवाल १७७४ साली छापून आला. आज हिशेब केला तर तेलाचा तो थर जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे जवळपास एका रेणूएवढा भरतो. धातूवर ऑइल इतकं पातळ पसरत नाही, पण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे ते धातूला झटकन ओलं करतं, कडेकडेने सरकतं, बोल्टच्या आट्यांत शिरतं. त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट थर तयार होतो. म्हणून अख्खं इंजिन माखलेलं दिसलं तरी गळती मोठीच असेल असं नाही, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी असेल असंही नाही.

मुळात पडलेलं द्रव इंजिन ऑइलच आहे ना, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी गाडीखाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा किंवा जाड कागद पसरा, त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी रंगही कळतो आणि जागाही. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं दिसतं, वापरलेलं तपकिरी-काळं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बहुधा लाल असतं. गिअर ऑइलला त्यातल्या गंधकयुक्त रसायनांमुळे उग्र वास येतो, तो एकदा आला की विसरत नाही. एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्याची काळजी नको. शंका असेल तर एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकून बघा. ऑइल वर तरंगतं. कूलंट आणि बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, कारण दोन्ही ग्लायकॉलच्या कुळातली आहेत. ब्रेक ऑइलला लोक ऑइल म्हणतात खरं, पण रसायनाच्या दृष्टीने ते तेल नाही. तो थेंब पाण्यात विरघळला, चाकाजवळ किंवा ब्रेक पेडलच्या बाजूला पडलेला असला, तर गाडी जागची हलवू नका. पेट्रोलचा वास येत असेल तरीही तेच.

आता प्रमाण. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. ऑइलचा थेंब त्याहून लहान असतो. रात्रभरात दहा थेंब पडले तर ते अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाले, महिन्याला फार तर पंधरा मिलिलिटर. डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरच्या, खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. या हिशेबाने घाबरण्यासारखं काही नाही. पण हा हिशेब उभ्या गाडीचा आहे, आणि चालत्या इंजिनाची गोष्ट वेगळी असते. ५डब्ल्यू-३० दर्जाचं ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढं घट्ट असतं त्याच्या साधारण सहावा हिस्सा घट्टपणा त्याच्यात १०० अंशाला उरतो. अरुंद फटीतून वाहणारं द्रव घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात वाहतं, म्हणजे त्याच फटीतून तापलेल्या इंजिनात सहापट ऑइल निघू शकतं. शिवाय हा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट. वर्षभर नुसतं ओलसर असलेलं पॅकिंग महिन्याभरात टपकायला लागतं, त्याचं कारण या घनात आहे. म्हणून जमिनीवरच्या डागापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून, दर आठवड्याला पातळी लिहून ठेवा. पातळी उतरतेय पण खाली थेंब नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल गळत नाही, आत जळतंय.

गळती कधी होते यावरूनही बरंच कळतं. इंजिनात ऑइल दोन अवस्थांत असतं. पंपापासून फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलर, टर्बोची नळी या वाटेवर ते दाबाखाली असतं आणि हा दाब वेगात तीन-चार बारपर्यंत जातो. टॅपेट कव्हर, चेंबर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं), टायमिंग कव्हर या भागांत ते नुसतं उडत आणि ओघळत असतं. दाबाच्या बाजूची गळती इंजिन चालू असताना जोरात होते, बंद केल्यावर थांबते. दुसऱ्या बाजूची गळती मंद असते आणि गाडी उभी राहिल्यावरही काही वेळ टपकत राहते. ऑइल बदलल्यानंतर लगेच जोरदार गळती सुरू झाली तर फिल्टरपाशी जा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि दाब वाढताच ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. इंजिन तत्काळ बंद करण्याजोगी ही गळती आहे.

रबर का हरतं, हे समजून घेण्यासारखं आहे. फिरत्या शाफ्टवरचं ऑइल सील शाफ्टला कोरडं घासत नसतं. त्याचा पातळ ओठ सुमारे एक मायक्रॉन जाडीच्या ऑइलच्या पापुद्र्यावर टेकलेला असतो आणि ओठाच्या दोन बाजूंचे कोन असे घडवलेले असतात की शाफ्ट फिरताना बाहेर निघू पाहणारं ऑइल परत आत ढकललं जातं. चांगलं सील हा एक बारीकसा पंपच असतो. वर्षानुवर्षं शंभर अंशाच्या आसपास राहून, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन रबर कडक होतं, ओठाची लवचीकता जाते आणि हा पंप बंद पडतो.

पण सील नवं घातलं आणि दोन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं, तर रबराला दोष देऊन थांबू नका. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदलल्यावर मला हे उमगलं. पिस्टनच्या रिंगांमधून जळलेला वायू थोडा थोडा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, उतरतच असतो. त्याला बाहेर काढून पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही नावाचा. तो किंवा त्याचा पाइप काजळीने तुंबला की वायूला वाट उरत नाही. दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर सीलमधून ऑइल बाहेर रेटलं जातं. माझ्या गाडीत पाइप आतून जवळजवळ बंद झाला होता. तो बदलला आणि तेच पॅकिंग पुढे गळलं नाही. याची घरगुती तपासणी साधी आहे. पेट्रोल इंजिन मंद गतीवर चालू असताना ऑइल भरण्याच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून रबरबँडने घट्ट बांधा. तो फुगला तर आत दाब साठतोय. ढिला राहिला किंवा किंचित आत ओढला गेला तर बहुतेक इंजिनांत ते ठीक मानतात. जोरात आत खेचला गेला तर व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटलेला असू शकतो. हे करताना सैल बाह्या, ओढणी, केस फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवा.

घरी दुरुस्ती करायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विकत घेतात तो गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर, आणि ऑइल गळतीसाठी तीच खरेदी सगळ्यात कमी उपयोगाची ठरते. स्कॅनर ज्यातून कोड वाचतो ती गाडीतली ओबीडी ही व्यवस्था प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी जन्मली, अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना तिची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली. टॅपेट कव्हरच्या कडेला ऑइल झिरपतंय हे सांगणारा सेन्सर गाडीत नसतो, मग स्कॅनर ते वाचणार कुठून? त्याला फक्त परिणाम दिसतात. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साठलं तर मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे, कोड येतात, पी०३०१ सारखे. क्रँककेसमध्ये बाहेरून हवा शिरत असेल तर मिश्रण पातळ झाल्याचा पी०१७१ येऊ शकतो. असे कोड गळतीच्या संशयाला दुजोरा देतात, जागा दाखवत नाहीत. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्याबद्दलही असाच गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांत तो पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटतो तेव्हा ऑइल इतकं उतरलेलं असू शकतं की पंप हवा ओढायला लागला आहे. दिवा पेटताच सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करा, घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

मग घ्यावं काय? माझ्या मते सगळ्यात आधी उत्तम टॉर्च, दांड्यावरचा छोटा आरसा, इंजिन साफ करायचा स्प्रे आणि भरपूर जुनी फडकी. साफसफाई ही तपासाची तयारी नाही, तो तपासाचा अर्धा भाग आहे. इंजिन थंड असताना चिकट थर पूर्ण पुसून काढा, अल्टरनेटर आणि वायरिंगची जोडणी झाकून. मग संशयित भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन तापवा आणि बघत बसा. पांढऱ्या पावडरीवर जिथे पहिली काळी रेघ उमटते ती जागा महत्त्वाची. तासाभराने सगळंच ओलं झालेलं असतं आणि पुरावा पुसला जातो.

गळती मंद असेल, चार दिवसांनी दिसणारी, तर अतिनील दिव्याखाली चमकणारा डाय, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचा रंग, घ्यावा. मला या कामातलं हे सगळ्यात सुंदर साधन वाटतं. त्याच्यामागचं विज्ञान जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली उलगडलं. काही पदार्थ अतिनील किंवा निळा प्रकाश शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली जास्त तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळ्या-हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. डायसोबत मिळणारा पिवळा चष्मा दिव्याचा निळा प्रकाश अडवतो आणि चमक तेवढी डोळ्यांपर्यंत येऊ देतो. डाय ऑइलसाठीचाच घ्या, कूलंटचा डाय पाण्यात विरघळणारा असतो. सांगितलेल्या मापाने तो ऑइलमध्ये ओता, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि अंधारात दिवा धरा. खालून सुरुवात करून चमकती वाट वर वर पाहत जा. जिच्या वर चमक नाही अशी सर्वांत उंच जागा सापडली की उगम सापडला. हात आणि डोळे पोहोचत नाहीत तिथे मोबाइलला जोडता येणारा छोटा इन्स्पेक्शन कॅमेरा कामाला येतो. धूर सोडून गळती शोधणारं यंत्र मात्र घरी घेऊ नये. त्याला दाब अगदी कमी ठेवावा लागतो, जास्त झाला तर चांगली सीलंच उखडतात, आणि अनुभव असलेल्या गॅरेजमध्ये ते काम एकदा करून घेणं परवडतं.

गळती सापडली की पाना हातात घेऊन बोल्ट आवळण्याचा मोह होतो. टॅपेट कव्हरच्या बोल्टना अनेक गाड्यांत दहा न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क लागतो, तो मनगटाच्या हलक्या जोरात ओलांडला जातो. जास्त आवळलं की रबर चिरडतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. त्यामुळे या कामात स्कॅनरपेक्षा टॉर्क रेंच कितीतरी उपयोगाचा आहे. गळती थांबवणारी बाटलीतली रसायनं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, म्हणून जुन्या सीलवर काही काळ फरक दिसतो. फाटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, स्टँड लावलेच पाहिजेत. आणि बॉनेटमधून जळकट वास किंवा धूर येत असेल तर घरचा तपास थांबवा. ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडत असेल तर आग लागू शकते.

दुरुस्ती झाल्यावर आणखी एक काम उरतं. आधी सांडलेला डाय इंजिनाच्या सांध्यांत तसाच चमकत राहतो आणि नवी गळती असल्याचा भास होतो. म्हणून तो भाग पुन्हा पुसा, अतिनील दिव्याखाली पूर्ण अंधारा दिसेपर्यंत. मग दोन आठवडे गाडी चालवून त्याच जागी दिवा धरा, आणि गाडीखाली नवा पुठ्ठा पसरा.